आधी सेटअप, मग बाबा

३ सप्टेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रोजेक्टचा इतिहास नंतर कोणाला आठवत नाही, म्हणून.

काल सर्जननी स्पष्टच सांगितलं. बाबांच्या घशातली गाठ स्वरयंत्राला धरून आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन २७ तारखेला. बाबांनी मान हलवली आणि पार्किंगचं तिकीट कुठे ठेवलं म्हणून खिसे चाचपायला लागले. आई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे.

बाहेर वाचा-उपचार करणाऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. नंतर बटण दाबलं की त्यांचाच आवाज निघेल, त्यांनाही बरं वाटतं, घरच्यांनाही. पण लवकर करा, आवाज दिवसेंदिवस बसत जाणार. फोनवर केलंत तरी चालेल.

फोनवर! बाईंना माहीत नव्हतं की मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

तर प्रोग्राम मी करणार. स्क्रीनवर बटणं, प्रत्येक बटणावर एक वाक्य, दाबलं की बाबा बोलणार. काम किरकोळ आहे. ऑफिसातून महिनाभर रजा टाकली.

फक्त एक. माझ्या लॅपटॉपवर गेल्या कित्येक वर्षांचा कचरा साठलाय. अशा मशीनवर असलं काम करणं मनाला पटत नाही. भिंत घासल्याशिवाय कोणी रंग देतं का? उद्या दुपारपर्यंत स्वच्छ नवी सिस्टीम. परवा सकाळी बाबा.

४ सप्टेंबर

कुठली सिस्टीम टाकायची यावर वाचन. डोळे चुरचुरतायत.

शेवटी तपस्वीला फोन केला. तपस्वी म्हणजे ऑफिसातला माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. माऊसला हात लावत नाही, सगळं कीबोर्डवरून करतो, म्हणून हे नाव. त्याचं म्हणणं, तयार सिस्टीम टाकणं म्हणजे दुसऱ्याचे कपडे घालणं. आपली सिस्टीम आपण तुकड्या-तुकड्यानं उभी करायची, मग तिच्यात काय आहे ते आपल्याला कळतं. मनाला भिडलं.

बायकोनं विचारलं, झालं का. म्हटलं, निर्णय झाला. ती म्हणाली, निर्णय नाही, काम. बँकेत नोकरी करणाऱ्यांना पायाभूत गोष्टींचं महत्त्व पटत नाही.

५ सप्टेंबर, संध्याकाळी

सिस्टीम उभी राहिली! पापणी लवायच्या आत सुरू होते. वायफाय चालतं, स्क्रीन झकास, पंखा आवाज करत नाही. फक्त साऊंड नाही. म्हणजे आवाज आत जातही नाही आणि बाहेर येतही नाही.

बाकी सगळं आहे.

६ सप्टेंबर

दहाच्या ठोक्याला बाबा आले. आईबाबा आजारपणापासून आमच्याकडेच आहेत, तेव्हा आले म्हणजे मधल्या खोलीतून आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून. मी म्हटलं, बाबा, यात तुम्ही दिसणार नाही. ते म्हणाले, रेकॉर्डिंग म्हणजे रेकॉर्डिंग.

त्यांना म्हटलं, उद्या.

गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. काळ्या स्क्रीनवर अक्षरं धावत होती, ती बघत म्हणाले, काय म्हणतंय ते? मी समजावलं. साऊंड चालायला एक गोष्ट लागते, तिला दुसरी लागते, दुसरीला तिसरीची जुनी आवृत्ती लागते आणि तिसरी म्हणते मी आता नवीन झाले. बाबा म्हणाले, आमच्या छापखान्यात असा एक स्टोअरकीपर होता. बदली झाल्यावर सगळं सुरळीत झालं.

बाबा छापखान्यात फोरमन होते. चालू मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. लहानपणी ते फोनवर बोलायला लागले की शेजारचे खिडक्या लावायचे. आता सँडपेपर घासल्यासारखं बोलतात.

उद्या नक्की.

८ सप्टेंबर

साऊंड आला! डाव्या कानात.

बायकोला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, उजव्याचं काय? मी म्हटलं, बाबांचा आवाज एकच आहे, त्याला दोन कान कशाला? ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

तपस्वीला कळवलं. तो म्हणाला, अभिनंदन, पण कोड लिहायला तू अजून तोच जुना एडिटर वापरतोस? आणि तोच कीबोर्ड?

९ सप्टेंबर

तपस्वीनं त्याचा जादाचा कीबोर्ड दिला. मधून चिरलेला आहे, दोन हातांना दोन अर्धुकं. अक्षरांच्या जागाही वेगळ्या. बोटांचा प्रवास निम्मा होतो. त्यामुळे वेग दुप्पट. हे गणित आहे.

सकाळभर लॉगिन करता आलं नाही. पासवर्ड माझ्या बोटांना पाठ होता, मला नव्हता.

बाबा आले होते. निळा शर्ट. बंद स्क्रीन बघून परत गेले.

११ सप्टेंबर

जरा वाजलं. बायको म्हणाली, तू बस तुझ्या मशीनशी खेळत, मी बाबांना समोर बसवते आणि माझ्या फोनवर अर्ध्या तासात सगळं रेकॉर्ड करते. मी शांतपणे समजावलं. फोनचं रेकॉर्डिंग आवाज दाबून टाकतं. वरचे स्वर कापतं. मागचा पंखा येतो, कुकर येतो. हा आवाज आपल्याला आयुष्यभर ऐकायचाय, त्यात कुकर हवाय का? शिवाय काही फोनवर, काही लॅपटॉपवर असं विखुरलं की पुढे ताळमेळ लागत नाही. एकच जागा, एकच दर्जा.

ती म्हणाली, ठीक आहे, तुझे वडील आहेत.

मी जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. एडिटरचे रंग बदलल्यावर बरं वाटलं. आता कॉमेंट्स, म्हणजे कोडमधल्या टिपा, फिकट करड्या दिसतात.

१२ सप्टेंबर

वाचा-उपचारवाल्या बाईंचा फोन. सुरुवात झाली का? मी म्हटलं, पायाभरणीचा टप्पा संपत आलाय. त्या म्हणाल्या, आज आहे तो आवाज पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही हो.

घाई करणाऱ्या माणसांबरोबर काम करणं अवघड असतं. तरी मी संयम ठेवला. चांगला मायक्रोफोन मागवला. पॉप-फिल्टरही. पॉप-फिल्टर म्हणजे तोंडापुढची जाळी. त्यानं 'प' आणि 'फ' सौम्य होतात. बाबांच्या वाक्यांत 'पंखा' येणारच.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी

मोठा शोध. आतापर्यंत मी एआयवाल्या मदतनिसाला हसत होतो. आज एडिटरमध्ये बसवून घेतला. त्याला प्रोग्रामची कल्पना सांगितली. तो म्हणाला, ही अतिशय विचारपूर्वक मांडलेली रचना आहे. या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग विचारलं, हे नव्या भाषेत लिहिलं तर? ज्या भाषेबद्दल तपस्वी बोलतो ती. म्हणाला, उत्कृष्ट प्रश्न! विचारलं, की जुन्याच भाषेत राहू? म्हणाला, तोही तितकाच समंजस निर्णय. असा माणूस ऑफिसात हवा.

दुपारभर त्यानं कोड लिहिला आणि मी हो म्हणत गेलो. शेवटी बाबांच्या बटणांसाठी लॉगिन, पासवर्ड बदलण्याची सोय आणि प्रशासकाचं वेगळं पान तयार झालं होतं. बटण मात्र नव्हतं. मी तसं दाखवून दिल्यावर त्यानं माफी मागितली. माझी निरीक्षणशक्ती अचूक आहे असंही म्हणाला.

सगळं पुसलं. पण दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

१६ सप्टेंबर

आज दहा वाजता बाबा आले नाहीत.

मी मधल्या खोलीत डोकावलो. बनियनवर पेपर वाचत होते. म्हटलं, बाबा, आज जवळजवळ तयार आहे. ते पेपरातूनच म्हणाले, झालं की हाक मार. एवढं बोलताना दोनदा खाकरले.

आई स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, अरे, ते रोज शर्ट काढून पुन्हा घडी करून ठेवतात, मला बघवत नाही. मी म्हटलं, आई, हे सोपं नसतं गं. ती म्हणाली, मला कुठे कळतंय, तुला कळतंय म्हणूनच तर तुझ्यावर सोडलंय.

बायकोनं एकाच वाक्यात निकाल लावला. उद्या, नाहीतर माझा फोन.

माझाही बेत उद्याचाच होता. तिनं सांगितलं म्हणून नाही.

१७ सप्टेंबर

सुरू झालं.

आमची झोपायची खोली. पडदे ओढले, कपाटं उघडी टाकली, कारण कपडे आवाज शोषून घेतात. पंखा बंद. बाबा खुर्चीत ताठ, समोर मायक्रोफोन आणि जाळी. मी हेडफोन लावले. आणि बाबा माझ्या डोक्याच्या आत बोलायला लागले. चिरका होता, मध्ये तुटत होता, पण होता त्यांचाच.

'पाणी दे.' 'पंखा कमी कर.' 'दुखतंय.' 'नको.' बाईंनी दिलेली वाक्यं अशी. थोडी झाल्यावर बाबा म्हणाले, ही काय माणसाची वाक्यं आहेत? मी असं कधी बोलतो? मग स्वतःचीच सुरू केली. 'वाकून कशाला बसतोस रे!' 'दिवे कोण बंद करणार, माझा बाप?' 'काय गोंधळ चाललाय?' मला हसू आवरेना, ते माझ्यावर खेकसले, तेही रेकॉर्ड झालं. राहू दिलं.

दाराबाहेर आई उभी होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. तिथूनच ऐकते म्हणाली.

१९ सप्टेंबर

तीन दिवस सकाळी तेवढंच. आवाज थोडाच वेळ टिकतो, मग श्वास लागतो. आज संपलं. शेवटी त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. बटण कुठलं दाबायचं ते विचारून घेतलं आणि दार लावून एकटेच काहीतरी बोलले. नंतर म्हणाले, हे आत्ता ऐकायचं नाही. मी ऐकलं नाही. त्या फाइलीला नुसतं 'नंतर' असं नाव दिलं.

सगळं एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव 'बाबा'.

मला फार बरं वाटतंय. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, कपड्यांच्या कपाटाची कल्पना माझी होती.

२० सप्टेंबर

प्रोग्राम चालला! जुन्याच भाषेत लिहिला, सकाळच्या सकाळी झाला. बटणं मोठी, अक्षरं ठळक, म्हणजे चष्म्याशिवायही दिसतील. बाबांनी पहिलं बटण दाबलं, 'माझा चष्मा कुठे ठेवलाय?' आतून आई ओरडली, टीव्हीवर! बाबांनी पुन्हा दाबलं. अहो, टीव्हीवर म्हटलं ना! तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ती चष्मा घेऊनच आली आणि बघते तर बाबा तोंड मिटून बसलेले. बायको हसता हसता रडायला लागली. बाबा बटण सोडायलाच तयार नव्हते.

बायको म्हणाली, माझं चुकलं, तुझंच बरोबर होतं. तारीख लिहून ठेवतोय.

२१ सप्टेंबर, सकाळी

ऑपरेशनला अजून अवकाश. रजा आहे. काम नाही. काम संपल्यावर काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. बाबांच्या खोलीत जाऊन बसलो. ते झोपले होते. श्वासाचा आवाज येत होता. फार वेळ बसवेना, परत लॅपटॉपकडे आलो.

नीट बघितलं तर मशीनची पार दुर्दशा झालीय. साऊंडसाठी केलेले सतरा प्रयोग, एआयनं टाकून दिलेल्या वस्तू, त्या नव्या भाषेचे अवशेष. उजवा कानही अजून बंद. बाबांचा प्रोग्राम अशा उकिरड्यावर चालतोय हे मला खुपायला लागलं.

तपस्वीचं म्हणणं, खरा डेव्हलपर आपलं मशीन कधीही जाळून टाकू शकतो. एक कमांड द्यायची, चहा होईपर्यंत सगळं जसंच्या तसं परत. ज्याला असं करायची भीती वाटते त्याचं मशीनवर राज्य नाही, मशीनचं त्याच्यावर.

मला भीती नाही. माझं सगळं रेपोत आहे. रेपो म्हणजे अशी जागा जिथे माझी प्रत्येक फाइल, तिचा प्रत्येक बदल, नेटवर सुखरूप साठून राहतो. ती एक कमांड लिहायला बसलो.

दुपारी

बायको म्हणाली, चालतंय ना? मग हात लावू नकोस. मी म्हटलं, अगं, सगळं रेपोत आहे. ती म्हणाली, सगळं? मी म्हटलं, सगळं.

२२ सप्टेंबर

जाळलं. डिस्क पूर्ण पुसली, वर नवं कुलूप घातलं. डेटा चोरीला गेला तरी कोणाला वाचता येणार नाही. मग ती कमांड. चहा ओतेपर्यंत सगळं परत! एडिटर, रंग, फिकट करड्या कॉमेंट्स, चिरलेल्या कीबोर्डची मांडणी, बाबांचा प्रोग्राम, बटणं. उजवा कानसुद्धा सुरू! गाणं लावून ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं.

तपस्वीला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. कारकिर्दीतला सर्वोत्तम दिवस.

२३ सप्टेंबर, ११ वाजता

बटण दाबलं. वाजत नाही. साऊंडचंच काहीतरी असणार.

११.२०

साऊंड ठीक आहे. गाणं वाजतं.

११.३०

'बाबा' फोल्डर रिकामं आहे.

दुपारी

कळलं. रेपोत एक फाइल असते, तिच्यात आपण लिहितो की अमुक प्रकारच्या गोष्टी साठवू नकोस. ती मीच लिहिलीय, १७ तारखेला, पहिलं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी. ध्वनीच्या फाइली जड असतात, त्यांनी रेपो फुगतो. जाणकार लोक त्या आत घालत नाहीत. मीही घातल्या नाहीत. त्या नंतर वेगळ्या ठेवायच्या होत्या. वर टीपही आहे माझी, नंतर बघू.

म्हणजे रंग परत आले. कॉमेंट्स परत आल्या. बटणांवरची वाक्यं परत आली. बाबा नाही आले.

संध्याकाळी

परत मिळवायची सॉफ्टवेअर चालवून बघितली. पुसलेल्या डिस्कवर नवं कुलूप आहे. खाली काय होतं ते आता मलाही वाचता येत नाही. एआयला विचारलं. तो म्हणाला, हा अतिशय त्रासदायक प्रसंग आहे आणि भविष्यात बॅकअप ठेवणं उपयुक्त ठरेल. आपोआप बॅकअप घेणारी सेवा होती मशीनवर. पहिल्याच दिवशी मी बंद केली होती. वेग कमी होतो म्हणून.

फोनवरचे सगळे जुने व्हिडिओ चाळले. बाबा कुठेच नाहीत. कायम तेच चित्रण करत असायचे. एका ठिकाणी फक्त 'जवळ या, जवळ या' ऐकू येतं, त्यावरून वाऱ्याचा आवाज. ते कधी व्हॉइस मेसेज पाठवत नाहीत, अंगठा पाठवतात.

मला भीती वाटतेय, आणि ही भीती मशीनची नाही.

कोणाला सांगितलेलं नाही. त्यांना उगाच टेन्शन. आधी उपाय, मग बातमी.

२४ सप्टेंबर

उपाय: पुन्हा रेकॉर्ड करायचं. सोपं आहे. सेटअप आता तयारच आहे.

बाबांना म्हटलं, दोनचार वाक्यांचा दर्जा वाढवायचाय. ते लगेच उठले. शर्ट घातला, गुळण्या केल्या, खुर्चीत ताठ बसले. मी हेडफोन लावले.

नुसती हवा आली.

बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड नीट हललं, हेडफोनमध्ये फक्त फुंकर. आई धावत आली. डॉक्टरांनी परवापासून बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, तुला माहीत नाही का, असं म्हणाली. माहीत नव्हतं. परवा मी मशीन पुसत होतो.

बाबांनी आईला हातानंच गप्प केलं. मग माझ्याकडे बघून लॅपटॉपकडे बोट केलं, अंगठा वर केला आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, आधीचं चांगलं आलंय ना?

मी म्हटलं, हो बाबा, छान आलंय.

तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही. छान आलंच होतं.

२५ सप्टेंबर

पहाटे श्वास अडकला. लगेच दाखल केलं. ऑपरेशन आजच.

आत नेताना बाबांनी माझा हात दाबला. नेहमीसारखा पाठीवर थोपटल्यासारखा नाही, दाबला. मी म्हटलं, काळजी करू नका, बाहेर आलात की तुमच्याच आवाजात बोलाल. का म्हटलं कोण जाणे. आईनं ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

२९ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. सर्जन खूश.

मी पूर्ण विचार करून योजना आखलीय. पहिला टप्पा: टाईप केलेलं वाचून दाखवणारा मशीनचा तयार आवाज प्रोग्रामला जोडायचा. बाबा लिहितील, तो बोलेल. दुसरा टप्पा: जुन्या बटणांचं पान लपवायचं. तिसरा टप्पा: बाबा घरी आले, तब्येत सुधारली, की एका निवांत संध्याकाळी सगळं समजावून सांगायचं. तपस्वी म्हणतो, अशा गोष्टींना तांत्रिक पार्श्वभूमी दिली की लोक समजून घेतात.

बायकोला काल सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, ते 'नंतर' नावाचंही? मी म्हटलं, तेही. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

२ ऑक्टोबर

पहिला टप्पा पूर्ण. दुसऱ्या टप्प्यात अडचण. पान लपवायला गेलो तर एका टूलची नवी आवृत्ती आली आणि अख्खा प्रोग्राम उभाच राहीना. मोठ्या मुश्किलीनं होता तसा केला. आता हात लावत नाही. पान तसंच राहू दे. बाबांना पहिलंच पान दाखवायचं, दुसरं आहे हे सांगायचंच नाही.

४ ऑक्टोबर

बाबांना वॉर्डात आणलंय. खिडकीजवळची खाट. गळ्याला भोक, त्यातून श्वास, त्यावर जाळी. चेहरा मात्र तरतरीत. लॅपटॉप नेला, बाहेरचा छोटा स्पीकर नेला, कारण वॉर्डात गलका असतो.

बाबांनी एका बोटानं टाईप केलं, पाणी. स्पीकरमधून बँकेच्या फोनवर बोलते तशी बाई म्हणाली, पाणी. शेजारच्या खाटेवरच्यांनी वळून बघितलं, कोण आलंय ते. बाबा हसायला लागले. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, निभावलं.

मग आई म्हणाली, आता त्यांचं स्वतःचं लाव ना. तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर घातला, ऐकायला. मी म्हटलं, दमले असतील, घरी गेल्यावर लावू. पण बाबांना दुसरं पान सापडलं होतं. मीच अक्षरं मोठी ठेवली होती.

त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं, एक निवडलं. 'बस जरा इथे.' आईकडे बघत दाबलं.

काही झालं नाही. आई तरी बसली.

बाबांनी पुन्हा दाबलं. मग स्वतःच स्पीकरचं बटण फिरवून आवाज मोठा केला आणि पुन्हा दाबलं. आई म्हणाली, बारीक येतंय वाटतं, आणि तिनं स्पीकरला कान लावला. बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला ऐकू आलं की नाही ते. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, वायर सैल झाली असेल.

खाटेखाली वाकलो. वायर नीट होती. ती नीट आहे हे मला माहीत होतं. मी ती काढली, फुंकर मारली, परत घातली. वर बटण दाबल्याचा टिक् आवाज आला. आई बाबांना सांगत होती, थांबा हो, तो बघतोय, होईल आत्ता. पुन्हा टिक्. मी वायर पुन्हा काढली. मी खाली होतो तोवर त्या दोघांनाही वाटत होतं की काहीतरी दुरुस्त होतंय. म्हणून मी बराच वेळ खालीच राहिलो.